‘इम्पर्व्हिअस’ आणि माझा दादा

अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. वर्गातल्या पोरांनी मला पिडलं नसेल तेवढं एका शब्दानं पिडलं. शब्द होता इम्पर्व्हिअस, आणि तो शिकवायला मला दर रविवारी एसटीनं अमरावतीला जावं लागायचं.

अमरावतीला माझा थोरला भाऊ राहतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. वहिनी गेल्यापासून घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. भाची कृषी पदवीधर. बँकेत कृषी अधिकारी व्हायचं म्हणून परीक्षेला बसत होती. गणितात पक्की, मातीबद्दल विचारा तर थांबायची नाही, पण इंग्रजीत गाडी अडायची. म्हणून मी.

तिची अभ्यासाची तऱ्हाच अशी की डोकं फिरावं. समानार्थी शब्दांची अख्खी माळ पाठ. “इम्पर्व्हिअस म्हणजे इम्पर्मिएबल, इम्पेनिट्रेबल, रेझिस्टंट, अनअफेक्टेड,” एका दमात.

“वाक्य कर.”

“द जंगल इज इम्पर्व्हिअस.”

“अगं, घनदाट जंगल इम्पेनिट्रेबल असतं. त्याच्यात माणसाला शिरता येत नाही.”

“पण आत्या, पुस्तकात दोन्हीचा अर्थ एकच दिलाय. अभेद्य.”

“काकू आणि आत्या दोघीही बायकाच. म्हणून मला काकू म्हणशील का?”

ती हसली आणि वहीत पुन्हा तेच लिहिलं. अभेद्य. या ‘अभेद्य’चं काय करावं मला कळेना. किल्ला अभेद्य, जंगल अभेद्य, आता रेनकोटही अभेद्य म्हणायचा का? शेवटी मी तिच्या मातीत शिरले. म्हटलं, “खारपाण पट्ट्यात चोपण जमीन असते ना, पाणी नुसतं वर साचून राहतं, खाली मुरतच नाही?”

“इम्पर्व्हिअस लेअर!” ती ताडकन म्हणाली. “हे तर आम्हाला होतं.”

“तेच. पाण्याला आत येऊ देत नाही ते इम्पर्व्हिअस. आणि असाच माणूसही असतो. बोला, समजवा, टोचा, त्याच्यात काही मुरत नाही. मग पुढे ‘टू’ लावायचं. इम्पर्व्हिअस टू क्रिटिसिझम.”

तिनं लिहिलं, ‘इम्पर्व्हिअस फ्रॉम’. मी खोडलं. पुढच्या रविवारी पुन्हा ‘फ्रॉम’. त्याच्या पुढच्या रविवारी ‘विथ’.

आणि हे सगळं चालायचं टीव्हीच्या गदारोळात. दादा पलीकडच्या खोलीत बातम्या लावून बसायचा, आवाज असा की भिंतीवरचं घड्याळ हलावं. “दादा, आवाज कमी कर!” उत्तर नाही. दोनदा ओरडलं की मान वळवून म्हणायचा, “चहा नको मले.” डॉक्टरनं कानाचं मशीन लावा म्हणून केव्हाचं सांगितलं होतं. दादाचं म्हणणं ठरलेलं, “मले सगळं आयकू येते. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता.”

एका रविवारी मीही वैतागले. भाचीला म्हटलं, “पुस्तक मिट. खरं वाक्य कर, आपल्या घरातलं.”

तिनं दाराकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, “माय फादर इज इम्पर्व्हिअस टू ऑल अॅडव्हाइस.”

अक्षर न् अक्षर बरोबर. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात दादा दारात उभा. “फादरचं काय म्हनून राह्यली तू?”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तीच त्याच्या कानाजवळ जाऊन म्हणाली, “बाबा, म्हणजे ज्याच्यात काही शिरत नाही असा माणूस.”

तो चिडेल असं वाटलं होतं. तो खाली बघत पलंगाच्या कडेला बसला. “आता कानातच शिरत नाही, तं मनात कुठून शिरन?” म्हणाला.

हे तो आजवर कधीच बोलला नव्हता. भाची त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याच आठवड्यात ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मशीन लागलं.

मला वाटलं, सुटले. आता हा माणूस ऐकेल. तो ऐकायलाही लागला. शेजारणीचा मिक्सर, माझ्या बांगड्या, चाळीस पावलांवरचा भाजीवाला, सगळ्याची तक्रार. टीव्हीचा आवाज एवढा बारीक की मलाच ऐकू येईना.

मग भाचीचा निकाल लागला. पास झाली. नेमणूक नंदुरबारला.

“नाही,” दादा म्हणाला.

मी समजावलं. पहिली नेमणूक लांबच मिळते. पुढे बदली होते. पोरीनं एवढा जीव लावून अभ्यास केला. अर्धा तास बोलले, घसा सुकला.

“दादा, आयकू येऊन राह्यलं ना?”

“शबद न् शबद.”

“मग?”

“मंग काय? नंदुरबार दूर आहे.”

निदान मशीन काढून टेबलावर ठेवलं असतं तरी मनाची समजूत घातली असती. तेही नाही. नीट ऐकून, मान डोलावून, पुन्हा “नाही”. इतकी वर्षं कानाला दोष दिला. कान बिचारा निर्दोष निघाला.

भाची तेवढी शांत होती. म्हणाली, “बाबा, मी जाणार आहे. तुम्ही एकटे पडाल म्हणून नाही म्हणता ना?”

“मी काहून एकटा पडतो?” तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला. तिथं बराच वेळ नळाखाली पाय धूत राहिला. पाय स्वच्छच होते.

ती गेली. त्यानं हो म्हटलंच नाही. बडनेऱ्याच्या स्टेशनावर तिची जड बॅग स्वतः उचलून नेली, वाटेत मला हात लावू दिला नाही, आणि प्रत्येक पायरीवर म्हणत होता, “मी नाई म्हनलं होतं, ध्यानात ठेवजा.” डब्यात तिच्या खिडकीच्या जागेवर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याशी असा भांडला की त्यांनी पाय मोकळे करायचं निमित्त काढून जागाच सोडली. गाडी हलली तेव्हा भाची रडत होती. हा मात्र खिडकीला धरून दोन पावलं चालला आणि तिला सांगत होता, “पान्याची बाटली भरून घेजो भुसावळले.”

मी म्हटलं, “चल माझ्यासोबत अकोल्याला, चार दिवस.”

“काहून? मी काय बिमार आहे?”

पुढे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी अकोल्याची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. “नंदुरबारची मिरची लय तिखट असते म्हनतात. पोरीले सांग, भाजीत जपून टाकजो म्हना.”

“तूच सांग ना तिला!”

“मी काहून सांगू? मी तं नाई म्हनलं होतं.”

मी फोन ठेवला आणि भाचीला लावला.