एस्तेरचे दोन लिफाफे

साल एकोणीसशे नव्याण्णव. मी पन्नास वर्षांचा होतो आणि कतारमध्ये, दोह्याला येऊन मला सोळा वर्षं झाली होती. आता जे लिहितोय ते मी बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही, आणि जिच्याशी तसा वागलो तिला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. चौथीपर्यंत शिकलेला सुतार आहे मी, लिहिताना हात अडखळतो. पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे आणखी एकाला कळणार — ते नको.

आधी आम्ही कोण, ते सांगतो. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. मराठी बोलणारे, गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव लावणारे. अलिबागकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. तिथे हे कोणापासून लपवायची वेळ कधी आली नाही. मुंबईत आखाती नोकरीचा फॉर्म भरताना मात्र एजंटच्या कारकुनाने नाव विचारलं. डॅनियल, मी म्हणालो. “म्हणजे क्रिश्चन,” असं म्हणत त्याने लिहूनही टाकलं. मी खोटं बोललो नाही, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण अरब देशात ज्यूला कोण घेणार, या भीतीने मी मान हलवली होती. गप्प बसणं वेगळं आणि मान हलवणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं.

कोणी मला त्रास दिला का? नाही. खरं सांगतो, कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. वर्कशॉपमध्ये इजिप्तचे होते, पेशावरचे होते, केरळचे होते. मी फोरमन, सगळे मला उस्ताद म्हणायचे. पण माझा संशय कोणाच्या वागण्यावर चालतच नव्हता. तो आपोआप वाढायचा. टाइमकीपर दोनदा बघून हसला की मला वाटायचं, याला कळलं. बायको रिबका नर्स होती, तिचा पगार माझ्याहून जास्त. शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात तेलाचा दिवा लावायची, आणि मी आधी जाऊन पडदा ओढून यायचो. एस्तेर, आमची एकुलती एक मुलगी, हे बघत मोठी झाली. घरात काय ते कर, बाहेर बोलायचं नाही — हे तिला मी पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं.

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पास्कल राहायचा. वसईचा, कॅथलिक, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. अकरा वर्षांचा शेजार. त्याची बायको रोझी आणि रिबका एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून ख्रिस्ती लोकांची प्रार्थनाही शुक्रवारीच; दर शुक्रवारी तो प्रार्थनेला निघताना दारात उभा राहून विचारायचा, “डॅनियलभाऊ, येतोस?” मी कधी कंबर दुखते म्हणायचो, कधी ड्यूटी आहे म्हणायचो. मग मला वाटायला लागलं — अकरा वर्षं एकच नकार ऐकून हा माणूस अजून का विचारतो? चाचपून बघतोय का?

बारावीच्या वर्षी एस्तेरने अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म भरले. हुशार होती, स्कॉलरशिप मिळेल असं शाळेत म्हणत होते. तिने तीन-चार नावं काढली आणि त्यातल्या एकावर बोट ठेवून बसली. का? तिथला अभ्यास चांगला म्हणून नव्हे. तिथे ज्यू विद्यार्थ्यांचं स्वतःचं घर होतं म्हणून. दर शुक्रवारी तिथे पोरं-पोरी मिळून दिवे लावतात, एकत्र जेवतात, सणवार करतात. कोणीही जावं, कोणी विचारत नाही. तिने त्यांचं छापील पुस्तक मागवलं होतं. ते कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर आलं — तिकडे घरी टपाल येत नाही, सगळं कंपनीच्या बॉक्समध्ये पडतं आणि आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, ते आणून टेबलावर टाकतो. त्या पुस्तकाच्या पाकिटावर एका कोपऱ्यात सहा टोकांची चांदणी होती. नखाएवढी. मी ते शर्टाच्या आत घालून घरी आणलं.

“पप्पा, लुक, चाळीस जण आहेत,” ती म्हणाली. “एव्हरी फ्रायडे. विथ द कर्टन्स ओपन.”

ते शेवटचं मला लागलं. बोलली सहज, हसत. पण ते माझ्यासाठीच होतं, नाही का?

मी तिला काय काय म्हणालो ते आठवतं. फुकट जेवण कोण घालतं? त्यांना आपल्या पोरीकडून काय हवंय? आणि आपल्यासारखी सावळी, मराठी बोलणारी माणसं त्यांना ज्यू वाटणार आहेत का? माझा मोठा भाऊ इस्रायलला गेला होता, लग्नाच्या वेळी त्याच्याकडे आज्या-पणज्या ज्यू असल्याचे पुरावे मागितले होते. त्या अपमानाची गोष्ट मी तिला दहादा ऐकवली. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “लेट देम आस्क. निदान मी सांगू तरी शकेन.” मुंबईचं एक कॉलेज मला पसंत होतं, राहायला ठाण्याला आत्या होती. तिथे कोणी काही विचारणार नव्हतं आणि ती काही सांगणार नव्हती. मला तेच हवं होतं.

एप्रिलात पत्र आलं. तिला घेतलं होतं, स्कॉलरशिपसकट. फक्त होकाराचे कागद सही करून मेच्या सुरुवातीपर्यंत पोचायला हवे होते. रिबका एलियाहू नबींना मलिदा बोलली होती. आमच्यात नवस फेडायचा तो असा: पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची, वर पाच फळं, आणि ताटाभोवती बसून दुआ म्हणायची. आम्ही तिघंच बसलो होतो. दुआ संपते न संपते तोच रोझी आणि पास्कल पेढे घेऊन आले. एस्तेरने त्यांना आधीच सांगितलं होतं. रिबकाने काही विचार न करता त्यांच्या हातात मलिद्याच्या बशा दिल्या.

मी म्हणालो, “आमच्या गावाकडचं गोड आहे हे.”

पास्कलने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. “ओळखलं मी,” तो म्हणाला. “माझा बाप अलिबागजवळ नागावला बांधकामावर होता. तिथे शनवार तेल्यांच्या घरी हेच करायचे. चव तीच.”

एवढंच. परत बशी पुढे केली आणि आणखी मागितलं. रिबकाने वाढलं. मी मात्र त्या क्षणापासून झोपेतसुद्धा पास्कलशी भांडत होतो. हे तो का बोलला? मला कळू दे म्हणून? की रोझीला कळू दे म्हणून? आता तो कुठे बोलेल, कोणापुढे बोलेल?

दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर एस्तेर खुशीत होती. होकाराचे कागद भरून, आईची सही घेऊन तिने लिफाफा बंद केला होता. दुसऱ्या लिफाफ्यात त्या विद्यार्थ्यांच्या घराला पत्र लिहिलं होतं, मी येतेय म्हणून. तिकिटं लावली, दोन्हीला रबर बँड लावला आणि पास्कल अंकलला दिले, कारण तो सकाळी मोठ्या पोस्टावरून जाणार होता. वरच्या लिफाफ्यावर पत्त्यात ‘ज्यू विद्यार्थी’ असं मोठ्या अक्षरात, इंग्रजीत. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

मी बूटही काढले नाहीत. समोरचं दार वाजवलं. म्हणालो, दे ते लिफाफे, मलाच तिकडे जायचंय.

“अरे, मी सकाळी टाकतोच आहे की.”

“राहू दे. दे.”

त्याने आणून दिले. देताना वरचा लिफाफा उलटा करून खाली सरकवला, पत्ता दिसणार नाही असा, आणि हळूच म्हणाला, “असे धर, डॅनियलभाऊ. लोकांना उगाच वाचायची सवय असते.”

तो काळजीने बोलला. आज मला यात तिळमात्र शंका नाही. पण तेव्हा मी काय ऐकलं, माहीत आहे? मी धमकी ऐकली. मला वाटलं, हा सांगतोय की मी वाचलंय.

दुसऱ्या दिवशी लिफाफे माझ्याबरोबर वर्कशॉपला गेले. मी पोस्टावरून गेलो, गाडी हळू केली आणि पुढे निघालो. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर बँडसॉची विजेची करवत सुरू केली आणि दोन्ही लिफाफे एकत्र धरून प्लायवूड कापतात तसे चिरले. पट्ट्या केल्या, पट्ट्यांचे तुकडे केले. पत्ता कुठे जुळू नये म्हणून तुकडे दोन वेगळ्या पोत्यांत, भुशात मिसळले. काप सरळ आले. तीस वर्षं करवतीवर काम केलेला हात. घरी येऊन मी काही बोललो नाही, आणि पत्रं पास्कलनेच टाकली असं एस्तेर समजून चालली.

मे गेला. जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं — तुमचा होकार मुदतीत मिळाला नाही, जागा आणि स्कॉलरशिप दुसऱ्याला दिली. एस्तेरने ते दोनदा वाचलं आणि सरळ समोरच्या दारात गेली. मी मागे गेलो. का गेलो? तिला थांबवायला नव्हे. पास्कल काय बोलतो ते ऐकायला.

“अंकल, तुम्ही माझी पत्रं टाकली होती ना?”

पास्कलने माझ्याकडे बघितलं. घोटभर पाणी प्यायला लागावा एवढाच वेळ. त्याला सगळं आठवत होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मी बोलू शकत होतो. दोन शब्द पुरले असते — माझ्याकडे होती. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिलो.

“पोरी, मला माफ कर,” तो म्हणाला. “माझ्या हातून राहिलं असेल. त्या दिवसांत लॅबमध्ये फार गडबड होती.”

एस्तेर वळली. घरात आली, खोलीत गेली. रोझी तिच्यामागे येऊन बाहेर रडत बसली होती, नवऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल रिबकाची माफी मागत. रिबका तिला समजावत होती. मी दोघींसमोर खुर्चीवर बसून सगळं ऐकलं आणि चहा प्यायलो.

एस्तेर मुंबईला शिकली. आज तिचं सगळं बरं आहे, नोकरी आहे, संसार आहे. शुक्रवारी ती दिवा लावत नाही. विचारलं तर म्हणते, सवय नाही राहिली. पास्कल चार वर्षांपूर्वी वसईत वारला. त्याच्या मातीला ती गेली नाही. “त्यांच्यावर राग नाही,” असं म्हणाली, “पण जावंसं नाही वाटत.” मी फोन धरून ऐकत होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्याने माझा दोष स्वतःवर घेतला, त्या संध्याकाळी मला काय वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं? लाज? ती फार नंतर आली. तेव्हा मी फक्त हिशोब लावत बसलो होतो की याला याच्या बदल्यात काय हवं असेल. माझं एक सोडून आता दोन गुपितं याला माहीत आहेत, हेच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पास्कल भेटला. तो थांबला, मी थांबलो नाही. कामावर पोचून आधी ऑफिसात गेलो आणि कंपनीच्या घरांचं बघणाऱ्या माणसाकडे दुसरा फ्लॅट मागितला, अल थुमामा भागात, कुठेही, लगेच. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं, समोरच्यांवर विश्वास ठेवण्यासारखं नाही. त्याने ते फॉर्मवर लिहिलं, आणि मी खाली सही केली.