पूजेतलं चाक

पंक्चरच्या सोल्युशनचा तो उग्र, गोडसर वास नाकात शिरला की माझं डोकं फिरतं. परवाही फिरलं. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर भाच्याच्या गाडीचं चाक बसलं. त्याने स्टेपनी काढून लावली, फुटकं चाक कडेच्या दुकानात टाकलं, आणि मी तिथल्या बाकड्यावर पदर नाकाला लावून धुसफुसत बसले. मावशी, एवढ्याशा गोष्टीला काय चिडतेस, म्हणाला. बरोबर आहे त्याचं. ज्याच्या डिकीत जास्तीचं चाक असतं त्याला चिडायचं कारणच काय? मी ज्या चाकासाठी एकदा दारोदार फिरले ते आठवलं की मात्र माझा आजही संताप होतो, आणि तो कुणावर काढावा हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही.

तेव्हा मी नवी नवी नर्स होते. ऐंशीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. वैनगंगेच्या अलीकडे, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि सागाचं रान सुरू होतं, तिथली गावं माझ्याकडे होती. बायांची एक सायकल, पांढरी साडी, आणि कॅरिअरला बांधलेला लसीचा डबा. गोवराची लस तेव्हा नुकतीच आमच्याकडे यायला लागली होती, तीही कधी यायची, कधी नाही. ही लस फार नाजूक. बर्फ आहे तोवर ती लस, बर्फ वितळला की नुसतं पाणी. रानाच्या कडेला एक टोला होता, पंधरा-वीस घरांची वस्ती. आदल्या हिवाळ्यात तिथली दोन लेकरं गोवराने गेली होती. तरी सुई म्हटलं की बाया लेकरं उचलून रानात पळायच्या. मी जायची, चुलीपुढे बसायची, काळा चहा प्यायची, तेच ते पुन्हा सांगायची. घसा बसायचा, पण एक दिवस त्या हो म्हणाल्या. सगळ्या जणी एकत्र, एका दिवशी येऊ म्हणाल्या.

तो दिवस मी निवडला दसऱ्याचा. स्वतःच्या हुशारीवर काय खूश होते म्हणून सांगू! एरवी बाया बांधीत नाहीतर रानात. दसऱ्याला सगळ्या घरी सापडणार. आमच्या घरी त्या दिवशी पांढऱ्या साड्या नेसून विहारात जायची रीत. आई म्हणालीसुद्धा, वर्षाचा दिवस आहे, आज तरी थांब. मी पांढऱ्या साडीतच निघाले, पण नोकरीच्या. सकाळ अशी सुरेख होती की चिडखोर माणसालाही गुणगुणावंसं वाटावं. हलकं धान पिवळं पडलेलं, भारी धान अजून हिरवं, बोडीच्या पाण्यावर धुकं रेंगाळलेलं, आणि सगळीकडे तो दुधाळ, कोवळा धानाचा वास. त्या वासाचं वेड ज्याला आहे त्यालाच मी काय म्हणते ते कळेल. अशा सकाळी वाईट काही होईल हे मनातच येत नाही. वाटेतल्या मोठ्या गावाच्या अलीकडे पुढचं चाक फुस्स झालं. वाकून पाहिलं तर काटा नव्हे, कुणाच्या तरी बैलबंडीचा खिळा. टायरसकट ट्यूब चिरत गेलेला.

गावात सायकलवाला होता. दुकान बंद. घरी गेले तर तो नवा सदरा घालून ओट्यावर बसलेला आणि आत पाटावर त्याची सगळी अवजारं ओळीने मांडलेली. पाने, हातोडी, कातर, सोल्युशनची नळी. हवा भरायच्या पंपालासुद्धा हळदकुंकू! दसऱ्याला पहाटे अवजारं धुऊन पूजेत मांडायची, आणि संध्याकाळी सोनं लुटून होईस्तोवर त्यांना हात लावायचा नाही, ही तिथली रीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण विळा-कोयता डोळ्यांपुढे होता, सायकल अवजारात मोडते हे कुठे ध्यानात आलं होतं! त्या गावात त्या दिवशी एक चाक फिरत नव्हतं. बंड्या जू खाली टेकवून उभ्या, सायकली झेंडूचे हार घालून देवापुढे. आमच्या समाजाची चार घरं होती. तिथे सायकलीची कसली पूजा आणि कसलं काय. पण ती मंडळी पहाटेच सायकली घेऊन चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला निघून गेलेली. दाराला कड्या.

मग सुरू झालं माझं दारोदार फिरणं. ऊन चढत होतं, डब्यातला बर्फ हलवला की खळखळत होता, आणि मला मिळत होतं पाणी, चहा, बसायला पाट, पुरणपोळीचा आग्रह. सगळं काही, चाक तेवढं सोडून. कुणी तोडून बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. इतक्या मऊपणे नाही म्हणणाऱ्या माणसांशी भांडायचं कसं? लेकरांसाठी आहे हो, असं सांगून सांगून मी रडकुंडीला आले. शेवटी एका घरी, ज्याची सायकल कोरी करकरीत होती, त्या भाऊंनी हात जोडले.

"आज नाई जमत, बाई. सोनं लुटल्यावर अख्खी सायकल घेऊन जाजा."

अख्खी सायकल घेऊन तरी मी काय करणार होते? दांड्याची गड्यांची सायकल, आणि अंगावर पाचवारी. मला पाहिजे होतं एक पुढचं चाक, दिवसापुरतं उसनं. मी ते बोलून दाखवलं तशी आत भिंतीला टेकून बसलेली त्यांची म्हातारी आई हलली. तिने मला नीट न्याहाळलं. टोल्यातल्या गोवराची गोष्ट तिच्याही कानावर असणार.

"सायकल पूजेत हाये, तिथीच राह्यल," ती लेकाला म्हणाली. "चाक म्हंजे काई सायकल व्हय का? दे तिले काढून."

वकिलालाही सुचू नये असा तोडगा. भाऊंनी हसून मान हलवली. पण पाना? पाना तर पूजेत. शेवटी त्यांनी उलथन्याचा दांडा आणि फडकं लावून झटापट करत नट फिरवले. म्हातारीने एक अट घातली. चाकावरचा हार काढायचा नाही, हळदकुंकू पुसायचं नाही. पूजेतलं आहे, पूजेतल्यासारखंच जाऊ दे. मी हो म्हटलं. मी तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं. त्यांची सायकल पुढून दोन विटांवर टेकवून देवापुढे उभी राहिली, आणि मी तिचं झेंडूने आरे भरलेलं चाक माझ्या सायकलीला लावून टोल्याच्या वाटेला लागले. चेहऱ्यावर घाम, मनात राग, आणि पुढे हा थाट.

टोल्यावर पोचले तेव्हा बर्फाचे चार खडे शिल्लक होते. बाया अजून पळसाच्या सावलीत बसून होत्या. मला हायसं वाटलं. त्यांची नजर मात्र माझ्यावर नव्हतीच, चाकावर होती. एक म्हातारी उठली, चाकाला हात लावून तिने तो कपाळाला लावला. मग दुसरी उठली, तिसरी. आणि ज्या बायांना लेकरांचा दंड उघडा करायला मी महिनोन्‌महिने विनवलं, त्या चाकाच्या पाया पडून एकेक लेकरू पुढे करू लागल्या. देवाचं चाक आलं म्हणाल्या! मी सुई भरत होते आणि दात-ओठ खात होते. घसा बसला माझा, आणि मान मिळाला झेंडूला. चूपचाप टोचत गेले. त्या कशाच्या भरवशावर पुढे येताहेत, हे कुठे विचारत बसायचं होतं. लेकरं वाचल्याशी मतलब.

एकच बाई जागची उठली नाही. मांडीवर वर्ष-दीड वर्षाची पोरगी, काळेभोर डोळे, हातात बोराएवढा गुळाचा खडा. आधीच्या सगळ्या बैठकांना ही सर्वांत पुढे बसायची, सर्वांत जास्त प्रश्न विचारायची. मी जवळ गेले.

"पूजा मोडून आनलं तुमी हे चाक," ती खाली पाहून म्हणाली. "आज नको, बाई. माह्या पोरीले आज नको."

पूजा मोडली नाही, सायकल तिथेच आहे, म्हातारीनेच दिलं, सगळं सांगितलं. ज्या हाराने बाकीच्या उठल्या, त्याच हाराने ही बसून राहिली होती. मी वैतागले, पुन्हा विनवलं. उरलेली लस माझ्या डोळ्यांदेखत कोमट झाली आणि ती मला फेकून द्यावी लागली. लौकरच पुन्हा येते, असं तिला सांगून मी निघाले. चाक त्याच संध्याकाळी परत केलं. म्हातारीने माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

लौकर म्हणजे कधी? केंद्रात गोवराची लस आलीच नाही. मी विचारायची, ते म्हणायचे पुढच्या खेपेला. दिवाळी गेली. भारी धान कापून झालं, धानाचे पुंजणे रचले, चुरणे म्हणजे मळणीही उरकली. रानात थंडी उतरली आणि थंडीबरोबर गोवर आला. टोल्यावर तो घरोघर डोकावून गेला, पण टोचलेल्या लेकरांना त्याने फारसा हात लावला नाही. त्या एका घरात मात्र तो राहिला. मला निरोप मिळून मी गेले तेव्हा अंगण सारवून स्वच्छ होतं आणि ती बाई रिकाम्या मांडीने उंबऱ्यावर बसली होती. मी काही बोलायच्या आतच तिने वर पाहिलं. तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"मी नाई म्हनलं नोतं, बाई," ती म्हणाली. "आज नको, इतलंच म्हनलं होतं."

आता त्या टोल्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. लस दारात येते, बर्फाची ददात नाही, आणि दसऱ्याला लोक चारचाकीला हार घालून तीच गाडी घेऊन फिरायला जातात. काळ बदलला हे मला दिसतं, त्याचं बरंही वाटतं. पण काळाला एवढी सवड होती तर त्याने त्या हिवाळ्याआधी लसीची एकच खेप आणायला काय हरकत होती? ती बाई बरोबर होती. तिने फक्त एक दिवस मागितला होता, आणि तो द्यायला आमच्या कुणाजवळ दुसरा दिवस नव्हता.