पान शहाण्णवच्या पुढे

बाइंडरच्या हाताखालून आयुष्यात हजारो पुस्तकं गेली होती आणि त्यातलं एकही त्याने धड वाचलं नव्हतं. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये म्हणून तो जिवाचं रान करत असे.

त्याचं वाचन म्हणजे खळ वाळेपर्यंतचं वाचन. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो फाटकी पुस्तकं उसवायचा, पुन्हा शिवायचा, मैद्याची खळ लावून पुठ्ठा चढवायचा. मग ती वाळेपर्यंत समोर जे पान उघडं पडलेलं असेल ते वाचत बसायचा. त्यामुळे त्याला खून शेकड्याने माहीत होते, खुनी एकही माहीत नव्हता. कितीतरी लग्नं त्याने मोडताना पाहिली होती. ती जुळली कधी, देव जाणे. आणि एवढ्या भांडवलावर स्वारी स्वतःला वाचक म्हणवून घ्यायची!

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पुस्तकवेड्यांची बैठक भरायची. सध्या काय वाचताय, एवढाच विषय. एकेकाने उठायचं, वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चहा. बाइंडर दोन वर्षं दाराजवळच्या खुर्चीत बसून मान डोलवत होता. खुर्च्या मांडायच्याही त्यानेच आणि उचलायच्याही त्यानेच, त्यामुळे त्याला कुणी बोला म्हणत नसे. चहाच्या वेळी लोक त्याच्याकडे पुस्तक घेऊन यायचे खरे, पण काय विचारायचे? "याची शिवण जरा सैल झालीय का हो?" हे त्याला फार लागायचं. न्हाव्याला कुणी कवितेबद्दल विचारत नाही तसंच हे, अशी तो स्वतःची समजूत घालायचा, आणि ती काही पटायची नाही.

शेवटी एकदा बैठक चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाइंडर, पुढच्या वेळी तुम्ही बोलायचं. दोन वर्षं नुसतं ऐकून घेताय, हे बरं नव्हे."

झालं! गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. घरी पोचेपर्यंत इतका चढला, की बायकोला म्हणाला, "या वेळी तूही चल."

बायको दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची नावं आणि दुखणी लिहून तिला अक्षरांचाच वीट आला होता. तिने भाजी चिरता चिरता त्याच्याकडे वर-खाली पाहिलं.

"तुम्ही बोलणार? चार माणसांत? अहो, घरात मीठ हवं असलं तरी हाताने खुणा करता तुम्ही!"

"येणार की नाही ते सांग."

"येते. असली मजा कोण सोडेल?"

आता मात्र पाचावर धारण बसली. एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवं होतं. बाइंडरने कपाटातून एक जाडसर कादंबरी काढली. निवडली कशावरून म्हणाल, तर पुस्तकाची पाठ बघून! तीन वर्षांपूर्वी त्यानेच बांधलेली होती आणि काम झकास उतरलं होतं.

कादंबरी एका रेल्वे फाटकवाल्याची होती. फाटकवाला एकटा, अबोल. दूर गेलेल्या एका बाईच्या पत्राची वाट बघतोय. गाडी येते, तो फाटक लावतो, गाडी जाते, तो फाटक उघडतो, पत्र काही येत नाही. बाइंडरला माणूस आपल्यातला वाटला. शहाण्णवाव्या पानाच्या शेवटी फाटकवाला घाईघाईने खोलीचं दार उघडतो आणि समोर... नजर शेजारच्या सत्त्याण्णवाव्या पानावर गेली, तर तिथे एक लाँड्रीवाली चादरींना इस्त्री करत होती.

बाइंडर चमकला. पुढची दहा पानं झाली, वीस झाली, फाटकवाल्याचा पत्ता नाही. नुसती लाँड्री, वाफ, आणि रोज थोडं थोडं पत्र लिहिणारी ती बाई. पत्र कुणाला, तेही सांगितलेलं नाही. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हीच ती! ज्या बाईच्या पत्राची तिकडे वाट बघणं चाललंय ती ही! लेखक मुद्दाम सांगत नाहीये. आपण ओळखावं म्हणून थांबलाय. बाइंडरची कॉलर एकदम ताठ झाली. शेवटच्या पानावर बाई पाकीट पेटीत टाकते, तेव्हा तर तो चक्क रडला. 'इतकी वर्षं उगाच भीत होतास, लेका,' तो स्वतःला म्हणाला. 'तुला साहित्य कळतं.'

रविवारी तो उभा राहिला आणि आधी पुस्तकाची पाठच पुसत बसला. बायको तिसऱ्या रांगेत, दवाखान्याच्या खिडकीवर बसते तशीच ताठ बसली होती. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवणं कठीण झालं. फाटकवाल्याचा अबोलपणा, दार उघडताच लेखकाने मारलेली ती उडी, माणूस बोलत नाही म्हणजे त्याला बोलायचं नसतं असं नाही, हे सगळं तो वीस मिनिटं सांगत होता. हात हवेत फिरत होते. खोली इतकी शांत झाली, की आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "बाइंडर, ही कादंबरी मी तीनदा वाचलीय. हिच्यात लाँड्री नाही हो."

"अहो, ती लाँड्रीवालीची कादंबरी माझी फार लाडकी!" मागून शिंपीणबाई ओरडल्या. "पण तिच्यात फाटक कुठलं? आणि ती बाई पत्र लिहिते ते धाकट्या भावाला!"

पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी पुस्तक मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सत्त्याण्णवावं पान डोळ्यांजवळ नेलं. "अक्षर बारीक झालंय इथून," ते म्हणाले. "हे दात या जबड्यातले नाहीत."

बाइंडरच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला सगळं कळलं, आणि त्या खोलीत ते फक्त त्यालाच पुरतं कळण्यासारखं होतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं. सहा फर्मे म्हणजे शहाण्णव पानं. दोन पुस्तकं एकाच प्रकाशकाची, एकाच आकाराची, एकाच दिवशी दुरुस्तीला आलेली, आणि दोन्ही नेमकी सहाव्या फर्म्यानंतर तुटलेली. एकाचं धड आणि दुसऱ्याचे पाय त्याने शिवले होते. पानांचे आकडे मात्र बरोबर पुढे चालू. आणि चूक झाली कशी? तर मधल्या वेळात स्वारी तिसऱ्याच पुस्तकातला खून वाचत होती!

"मीच बांधलंय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग जे हसू फुटलं! डॉक्टर हसले, शिंपीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मुख्याध्यापिकांनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्यांना ठसका लागला. बाइंडरही हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. फक्त तिसऱ्या रांगेकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. बायकोला मिरवून आणलं ते हे दाखवायला! चहा न घेता त्याने खुर्च्या उचलल्या, नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने.

जाताना मुख्याध्यापिकांनी त्याला दारात गाठलं. "वाईट वाटून घेऊ नका. पण खऱ्या कादंबरीत पत्र येत नाही बरं का. त्याची बदली होते आणि तो निघून जातो." हे ऐकून त्याला फजितीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

पुस्तक काखेत मारून तो बायकोबरोबर घराकडे निघाला. सोमवारी दोन्ही पुस्तकं उसवून नीट शिवायची होती. निम्मा रस्ता मागे पडला.

"बोल की," शेवटी त्यानेच सुरुवात केली. "आज तुला चिडवायला पुरेसं मिळालंय."

बायको आणखी थोडं चालली. "तीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "तुम्ही एका दमात इतकं कधी बोलला नाहीत."

"ते सगळं चुकीचं होतं गं."

"असेना का. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला बोलायचं नसतं असं नाही, हे पण त्या पुस्तकातलं?"

बाइंडरने आठवून पाहिलं. दोन्ही अर्ध्यांमध्ये ते वाक्य कुठेच नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "ते माझंच."

तिने त्याच्या काखेतलं पुस्तक ओढून घेतलं. "उद्या उसवू नका. आधी मी वाचणार."

शहाण्णवाव्या पानाजवळ पोचायला तिला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दुपारी दवाखान्याला सुट्टी होती. ती खिडकीपाशी बसून वाचत होती आणि बाइंडर मोरीपाशी कपबशा विसळायचं निमित्त करून आकडे मोजत होता. त्र्याण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव. आता फाटकवाला दार उघडणार. त्याने नळ बंद केला. हातातली बशी हातातच राहिली.

बायकोने बोट ओलं केलं, पान उलटलं, आणि न थांबता पुढे वाचू लागली.