जुन्याच साड्या पाहिजेत!

गोधडी शिवणाऱ्या बायका चिंधी टाकत नाहीत, अन् आमच्या टेंभुर्णीच्या गटात तर किस्साही वाया जायचा नाही. सुई चालली की तोंड चालायचंच! मी सातवी पास, म्हणून सेक्रेटरी. गयाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून ती अध्यक्ष.

* * *

गावात एसटीडीचा पिवळा बोर्ड नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या एक मॅडम आल्या. त्यांना दुकानासाठी गोधड्या हव्या होत्या, पण वापरलेल्या साड्यांच्याच. नव्या कापडाच्या रंगानं नद्या नासतात, असं त्यांनी समजावलं.

"आमच्या नदीला आधी पाणी तर येऊ द्या मॅडम, मंग नासवू!" गयाबाई म्हणाली.

ऑर्डर मात्र घेतली. नमुन्याची गोधडी पास झाली तर वर्षभर काम मिळणार होतं. आणि नाही झाली, तर सुई ठेवून घरात बसायचं, असं गयाबाईला तिच्या सासूनं बजावलं होतं. बिचारीची झोपच उडाली.

* * *

मॅडम नमुना बघायला आल्या. गोधडी कोरी करकरीत! बायकांनी शेठजींच्या दुकानातून नव्या साड्या आणून शिवली होती.

"अहो, मी जुन्या सांगितल्या होत्या ना?"

उलट गयाबाईच चिडली. "पाहुण्याला जुनेर पांघरायला देऊ का? काही लाज हाये की न्हाई आम्हाला?"

* * *

मग जुन्या साड्यांची शोधाशोध. त्या तर कधीच भांड्यांच्या बदल्यात भांडेवालीकडे गेलेल्या. ती गल्लीत आली की आम्ही पातेली घेऊन तिच्या मागं! "हे पातेलं घे अन् माझी साडी वापस दे!"

"इतकी वर्षं धंदा करून राह्यले, असा उलटा सौदा न्हाई पाहिला बाई!" म्हणत ती पळाली. पुढं कित्येक दिवस ती आमच्या गल्लीत फिरकली नाही.

* * *

कारागिरांचे हाल होत नाहीत ना, हे तपासायला मॅडमनी एक साहेब पाठवले. हातात छापील फॉर्म.

"आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार आहे?"

"एकच हाये, पण ते लागतच न्हाई!" गयाबाई म्हणाली.

"कामाची सक्ती होते का?"

"होती ना. बिलकुल होती."

साहेबांचं पेन थांबलं. "कोण करतं?"

"सासू. घरचं काम कर म्हणती. म्हणून तर इकडं येते!"

* * *

माल न्यायचा दिवस आला. नात्यागोत्यात मागून साड्या जमवल्या, तरी शेवटच्या गोधडीला एक कमी पडली होती. गयाबाईनं कुठून तरी हिरवं, लाल काठाचं लुगडं आणलं. मी विचारलं नाही. मॅडमना नेमकी तीच गोधडी आवडली. त्या ती उलगडून बघत होत्या, तेवढ्यात सुनेला घरी न्यायला सासूबाई काठी टेकत दारात!

"हे तर माझ्या लग्नातलं लुगडं."

गयाबाई पांढरीफटक. म्हातारीनं टाक्यांवरून बोट फिरवलं.

"गये, तूच शिवलं?"

"हां, आत्याबाई."

"उसव."

"राहू द्या ना आजी, मला चालेल," मॅडम म्हणाल्या.

"तुला चालंल! माझ्या लग्नाच्या लुगड्याला असले बोट बोट लंबे टाके? मला न्हाई चालत!" म्हातारी तिथंच फतकल मारून बसली. "सुई दे. अन् तू, दोरा ओव."

मॅडमनी निमूटपणे सुई घेतली. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदाही दोरा बाजूनंच गेला.

म्हातारीनं मान हलवली. "पुढल्या खेपेला चष्मा घेऊन ये."