हाफ पँटमधला पाहुणा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होतो. तिथे फाटकावर बेळगावकडचे एक पहारेकरी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते आधी माणसाचे पाय बघत, मग चेहरा. चपला घालून आलेल्या मॅनेजरलाही त्यांनी एकदा परत पाठवलं होतं. "आत मशीन हाय साहेब. मशीनला हुद्दा कळत न्हाई," एवढंच म्हणाले.

एका उन्हाळ्यात आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा साहेब आला, तो हाफ पँट आणि सँडल घालून. अण्णांनी त्याला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं, पण आत सोडलं नाही. मॅनेजर धावत आला आणि सगळ्यांदेखत अण्णांवर ओरडला, "अरे, पाहुणा आहे तो!"

"म्हणूनच इचारतो. त्याच्या देशातल्या कारखान्यात असा जाईल का त्यो?"

हा प्रश्न साहेबाला इंग्रजीत कुणीच सांगितला नाही. मी शेजारीच उभा होतो. मीही नाही. साहेब मॅनेजरबरोबर हसत हसत आत गेला, आणि अण्णांना संध्याकाळपर्यंत इंग्रजीत माफीनामा द्यायचा हुकूम झाला.

ते माझ्याकडे आले. मी मॅनेजरवरच्या रागाने धुमसत होतो, तरी मुकाट्याने लिहून दिलं आणि मराठीत वाचून दाखवलं.

"ह्यात माझी चूक कुठली लिवलीय?"

मी कागद पुन्हा वाचून खाली ठेवला; त्यात नुसती माफी होती, चूक कुठेच नव्हती. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"मग सही तुम्हीच करा."