तिसऱ्या दिवसाचा जांभळा

अक्का रागावल्या की हाताला लागेल ते फेकायच्या, आणि नेम कधी चुकायचा नाही. सांडशी, लाटणं, तवा, काहीही. दूधवाल्याने एकदा उलट उत्तर दिलं, तर सोलायला घेतलेला नारळ त्याच्या स्कूटरच्या दिव्यावर बसला. बसवनगुडीच्या आमच्या कानडी गल्लीत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांचा मुलगाही, आणि त्याच्याशी लग्न करून निपाणीहून आलेली मीही. त्या माझ्या सासूबाई.

घर मात्र असं की येणारा दारातच थबकायचा. हॉल वांगी रंगाचा, स्वयंपाकघर आमसुली, देवघराची भिंत गोकर्णाच्या फुलासारखी, पाहुण्यांची खोली फिकट जांभळी. पडदे आणि उशांचे अभ्रेसुद्धा त्यातलेच. एचएसआर लेआउटमधली एक घरं सजवणारी मुलगी फोटो काढायला आली होती. "आंटी, किती सूदिंग वाटतंय!" म्हणाली. अक्का म्हणाल्या, "हौदु, खरंय. मार खाऊन झाला की असंच शांत वाटतं." मुलगी खो खो हसली. मीही हसले.

मग एका दुपारी शेंगा मोडता मोडता अक्कांनी मला सगळं सांगितलं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. बाहेर त्यांना केवढा मान, आणि घरात ऊठसूट हात उगारायचे. जगाला तवे फेकून मारणारी ही बाई त्यांच्यासमोर मान खाली घालून मार खायची. दोन दिवस गप्प बसायची. तिसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात जाऊन दंडावरच्या डागाला शेड कार्ड लावायची आणि तोच रंग बनवून आणायची. "पहिल्या दिवशी लाल असतं, आठवड्यानं हिरवट पडतं," अक्का म्हणाल्या. "तिसऱ्या दिवसाचा जांभळा खरा." हॉल आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हाचा. स्वयंपाकघर न विचारता माहेरी फोन केला तेव्हाचं.

सासऱ्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. पाहुणे विचारायचे, हा रंग कुणी निवडला हो? अक्का चहाचा ट्रे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांनीच." तेव्हा म्हणे सासरे चहा अर्धा टाकून उठायचे. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. काय बाई आहे, असं वाटलं. माझी अक्कल तेव्हा एवढीच होती.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याने मला मारलं. त्याच्या मित्रांसमोर मी "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणाले होते, एवढंच. मित्र गेल्यावर खोलीत नेऊन दंड पिरगाळला, डोकं कपाटावर आपटलं. मी कुणाला बोलले नाही. दोन दिवस लांब बाह्यांचे कपडे घालून ऑफिसला गेले. तिसऱ्या दिवशी रजा टाकली, रंगाच्या दुकानात गेले आणि बाही वर केली. घरात एक आमचीच खोली तेवढी पांढरी होती.

डबा आणि रोलर घेऊन मी अक्कांसमोर उभी राहिले. शपथेवर सांगते, शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला! अक्कांनी डबा बघितला, माझा दंड बघितला, आणि फाडकन माझ्या थोबाडीत मारली. मग डबा उचलून असा आपटला की झाकण उडालं आणि हॉलभर जांभळा चिखल झाला. "मूर्ख पोरी! चाळीस वर्षं भिंती रंगवल्या मी. एक तरी थप्पड कमी झाली का?" आणि त्या हंबरडा फोडून रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

संध्याकाळी मुलगा दारात आला. अक्कांनी रोलरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याने डाव्या हाताने आईला ढकललं, त्या रंगात पडल्या, उठल्या, पुन्हा एक घातला. तो खाली बसून ओरडत राहिला. "चल," त्या मला म्हणाल्या. रिक्षावाला आमचे पाय बघून सीटवर वर्तमानपत्र घालू लागला, तर त्याच्यावर खेकसल्या, "आधी गाडी काढ!"

पोलीस ठाण्यातला साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला, "अम्मा, घरातलं भांडण आहे. स्वल्प सांभाळून घ्या." अक्कांनी त्याच्या टेबलावर जांभळा पंजा आपटला. "लिही," त्या कन्नडात म्हणाल्या. "मी हिच्या नवऱ्याची आई. माझ्या मुलानं हिला मारलं. त्या दिवशी मी भिंतीपलीकडे होते. आवाज ऐकला आणि टीव्ही मोठा केला. तेही लिही. त्याचा हात मी मोडलाय, तेही लिही." साहेबाने पेन उघडलं.

टीव्हीचं मला माहीत नव्हतं. ठाण्यातून निघाल्यावर रिक्षात मी त्यांच्याकडे बघितलं नाही. राग आला होता, आजही येतो. पण स्वतःसाठी ठाण्याची जी पायरी ही बाई चाळीस वर्षांत चढली नव्हती, ती माझ्यासाठी चढली होती, हेही खरं.

मी नवऱ्याला सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला के. आर. पुरमला भाड्याने दोन खोल्या घेतल्या. आठवड्याभरात अक्का एक बॅग घेऊन तिथेच आल्या. "त्या घरात मला श्वास येत नाही," म्हणाल्या. एक खोली त्यांची ठरली. रंगारी विचारायला लागला, कुठला रंग? मी सवयीने बोलून गेले, "अक्कांना जांभळाच लागतो."

"शी!" अक्का किंचाळल्या. हातातला चमचा भिंतीवर गेला. "मला तो रंग बघवत नाही गं! कधीच आवडला नाही."

"मग कुठला आवडतो?" मी विचारलं. त्या बराच वेळ रंगाऱ्याच्या कार्डावरून बोट फिरवत राहिल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"पिवळा," शेवटी हळूच म्हणाल्या. "पुरणाचा असतो तसा. चालेल ना?"

त्या पिवळ्या खोलीत अक्का जेमतेम पाच महिने जगल्या. पण त्या पाच महिन्यांत त्यांनी भिंतीवर साधा खिळासुद्धा ठोकू दिला नाही.