कोबेबाहेरच्या वस्तीत एक दिवस

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी नांदेडहून जपानला गेले होते, हे सांगितलं तर आता लोकांना खोटं वाटतं. मलाही कधीकधी वाटतं. पण त्या जाण्यायेण्यात जो थकवा अंगात शिरला तो खोटा नव्हता. तो अजून आहे.

राज्य निजामाचं होतं आणि मोठं युद्ध अजून लागायचं होतं. वडील नांदेडच्या कोर्टात वकिली करत, सगळं कामकाज उर्दूत. मला लातूरला दिलं होतं. लग्नाला वर्ष होण्याआधीच नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी माझे केस काढून, तांबडं लुगडं नेसवून मला माहेरी पोचवलं. त्याच साली आई गेली. मग वडिलांचा स्वयंपाक, घरातलं सोवळं-ओवळं आणि धाकटीला वाढवणं, सगळं माझ्याकडे आलं. सकाळी कुणी कामाला निघालं की दारातून आत व्हायचं, हे मला कुणी सांगावं लागत नसे. पाय आपोआप मागे सरत.

धाकटीचं लग्न मीच जमवलं म्हणायला हरकत नाही, पण मांडवात मी नव्हते. तिचा नवरा कापसातला माणूस. उमरीच्या जिनिंगमध्ये होते, तिथून मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना आपल्या कोबेच्या पेढीवर नेलं. आपल्याकडचा कापूस तेव्हा बराच जपानला जायचा. बहीणही त्यांच्याबरोबर गेली. पहिलं बाळंतपण तिकडेच झालं आणि मूल वाचलं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला बोटीच्या प्रवासाची मनाई केली. मेहुण्यांचा निरोप आला, अक्कांना पाठवा.

भाऊबंद घरी येऊन बसले. सोवळ्या बाईनं समुद्र ओलांडायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. वडिलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आल्यावर प्रायश्चित्त घेईल ती. धाकटीचं काही बरंवाईट झालं तर मी कशाचं प्रायश्चित्त घेऊ, ते सांगा."

भाऊबंद उठून गेले. मला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नाही. पोहे, डाळं, लाडू बांधले, जोंधळ्याचं पीठ घेतलं, आणि पेढीवरच्याच एका गुजराती कुटुंबाच्या सोबतीनं मुंबईहून बोटीत बसले. बोटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी आडवी पडून होते.

कोबेला बहिणीचं घर म्हणजे एका लाकडी घराचा वरचा मजला. जमिनीवर चटया, कागदाची सरकती दारं. पोचल्यावर दोन दिवस तरी जमीन हलून राहिली आहे असं वाटे. तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी गेले आणि बहिणीला म्हटलं, "डोक्यावर केस आलेत. न्हावी बोलव. असं कसं सोवळ्यात रांधू?"

ती म्हणाली, "अक्का, इथं कुठला न्हावी? राहू दे की. कोण बघून राहिलंय इथं?"

"मी बघून राहिले ना."

शेवटी तिनंच मेहुण्यांचा वस्तरा घेतला. पोट एवढं पुढे आलेलं, खाली बसवेना, म्हणून मी तिच्या गुडघ्यांपाशी बसले आणि तिनं माझं डोकं केलं. ती रडत होती. मी म्हटलं, रडू नको, हात हलेल.

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मग माझी खरी कामं सुरू झाली. बाळाला तेल लावणं, आंघोळ, बहिणीचं पथ्याचं जेवण, लंगोट, शेक. नांदेडहून ओवा आणि बाळंतशोपा नेल्या होत्या. मी शेगडीत निखारे घालून धुरी दिली, तर घरमालकीण पाण्याची बादली घेऊन जिना चढून धावत आली आणि तिनं सगळी बादली शेगडीवर ओतली. खोलीभर राख, बाळ किंचाळतंय, ती बाई थरथर कापतेय. त्यांच्याकडे आगीची भारी भीती, घरंच लाकडाची. मेहुण्यांनी पुष्कळ माफी मागितली, पण महिनाअखेरी खोल्या खाली करा म्हणून तिनं सांगितलंच.

बारसं तिथंच उरकलं. पेढीवरच्या चार-पाच बायका आल्या होत्या. पाळणा म्हणत होत्या तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि दार लोटून घेतलं होतं. मला कुणी जा म्हटलं नव्हतं.

मेहुणे रोज पेढीवरून सुटले की घर शोधायला जात. दोन ठिकाणी ठरत आलं आणि मोडलं. परदेशी माणसं, त्यात धूर करणारी, ही बातमी आमच्या आधी पोचत असावी. मग एके दिवशी ते म्हणाले, "शहराबाहेर एक नवी वस्ती झालीय. विजेची गाडी जाते. बाग हाय, दुकानं हायेत, हवा लई चांगली. उद्या सुट्टी हाय, सगळेच जाऊ. अक्का, तुम्ही पण चला."

मी म्हटलं, "माझं काय काम? उद्या एकादशी. मी घरी पडते जरा."

"तुम्ही आल्यापासून घराबाहेर पडला न्हाईत," ते म्हणाले. पण बाळाला घेऊन इतकं चालणं बहिणीला एकटीला झेपणार नव्हतं, हे मला दिसत होतं. मी निघाले. थंडी होती म्हणून मेहुण्यांची राखी शाल मानेभोवतून, खांद्यावरून अंगभर पांघरली; तिच्यामुळे डोक्यावर पदर ठरत नव्हता.

विजेच्या गाडीत गर्दी होती. मी आत शिरले तशी समोरच्या बाकावरची दोन माणसं पटकन उठली. मला वाटलं, माझ्या शेजारी नको म्हणून उठली. मी कोपऱ्यात सरकले. तर त्यातला एकजण हातानं बाक दाखवून राहिलेला. मेहुणे म्हणाले, "बसा अक्का. तुमच्यासाठीच उठले ते."

"माझ्यासाठी? कशाला?"

ते जरा हसले. "तुम्हाला ते जोगीण समजून राहिलेत. इकडे बुद्धाच्या जोगिणी डोकं करतात. असंच साधं कापड, अशीच शाल. लई मान असतो त्यांना."

मी बसले, कारण पाय दुखत होते. शेजारच्या म्हातारीनं मला कमरेतून वाकून नमस्कार केला. काय करावं कळेना. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वस्ती खरंच गजबजलेली होती. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ एक रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, वर कागदाच्या कंदिलांच्या माळा. लाकडी खडावांचं दुकान, छत्र्यांचं दुकान, चहा भाजत असल्याचा खरपूस वास, मध्येच मासळीचा असा भपकारा की मी पदर नाकाला लावला. लोक खडावांवर टकटक करत चाललेले, पाठीला मुलं बांधलेली. जेवणाच्या दुकानांसमोर काचेच्या कपाटात ताटं वाढून ठेवलेली. भात, शेवया, वर फळाच्या फोडी. मला आश्चर्य वाटलं, उघड्यावर असं सकाळपासून वाढून ठेवतात! मेहुणे म्हणाले, मेणाचं आहे सगळं, नुसतं दाखवायला. मी म्हटलं, "मग माझ्या उपासाला चालेल." बहीण पोट धरून हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच अशी हसली.

त्या दोघांना भूक लागली होती म्हणून एका खाणावळीपाशी थांबलो. मी दारातच थांबणार होते. मालकीण बाहेर आली, मला हाताला धरून आत नेलं आणि सगळ्यांत चांगल्या जागी, ऊन येत होतं तिथं, बसवलं. बहीण-मेहुण्यांच्या आधी माझ्यापुढे गरम पाणी आणि भाजलेलं रताळं आणून ठेवलं. मेहुणे म्हणाले, जोगिणी मासळी खात नाहीत हे तिला ठाऊक आहे, म्हणून रस्त्यावरच्या रताळेवाल्याकडून आणलंय. मी परक्याच्या हातचं खात नसे. पण रताळं उपासाला चालतं, आणि निखाऱ्यात भाजलेलं, पाण्याचा हात न लागलेलं. मी सोलून खाल्लं. फार गोड होतं. मला इतकी भूक लागली होती हे खाईपर्यंत कळलं नव्हतं.

पुढे बाग होती. मोठं तळं, पाइनची वाकडी झाडं, मुलांचे झोके. घरमालक दुपारनंतर भेटणार होता म्हणून बाकावर टेकलो. बहीण बाळाला घेऊन उन्हात फिरत होती. मी डोळे मिटले होते. डोळे उघडले तर समोर एक तरुण बाई उभी, पाठीवर मूल बांधलेलं. ती मेहुण्यांशी काहीतरी बोलली, मग माझ्याकडे बघून वाकली.

"काय म्हणते?"

"तिचं पोरगं महिनाभर बिमार हाय. तुम्ही डोक्यावर हात ठेवा म्हणते."

मी उठूनच उभी राहिले. "माझा हात नको. जावईबापू, तिला सांगा मी कोण आहे ते."

मेहुणे तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "काय सांगू अक्का? नवरा गेला एवढं सांगता येईल. त्याच्यापुढचं जे हाय, त्याला त्यांच्या बोलीत शब्द मला ठाऊक न्हाई."

ती बाई वाट बघत होती. तिनं पाठीवरचं मूल सोडून पुढे घेतलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मी हात ठेवला. डोकं तापलेलं होतं. दुसरं काही वाटलं नाही, फक्त हे पोर उन्हात फिरवायला नको एवढं वाटलं, आणि मी ते मेहुण्यांकडून तिला सांगवलं. पाणी पाजत जा म्हणावं, थोडं थोडं. तिनं तीनतीनदा मान लववली. ती गेली. मी परत बाकावर बसले.

बहीण लांबून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "बारशाला तू आत का बसलीस अक्का?"

मी बाळाचं टोपडं नीट केलं. मग आम्ही घर बघायला निघालो.

घर बागेच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या खाली, एक वर, मागे वीतभर अंगण. मालक म्हातारा, बहिरा. पेढीची हमी, भाडं, सगळं मेहुण्यांनी ओरडून ओरडून सांगितलं. त्याचं लक्ष माझ्याकडे. ही तुमच्या घरात राहते का, म्हणून त्यानं विचारलं. मेहुण्यांनी हो म्हटलं. मग म्हातारा खूश झाला. घर देतो म्हणाला, पण रिकामं पडलेलं घर आहे, आधी हिचं पाऊल आत पडू दे.

मी उंबऱ्याबाहेर थांबले. "हे फसवणं आहे," मी मेहुण्यांना म्हटलं. "घरात तान्ही पोर यायची आहे. पहिलं पाऊल माझं?"

"फसवणं कसं?" ते हळूच म्हणाले. "एकवेळचं जेवण, एकादशी, हे डोकं, हे सगळं तुम्ही खरंच करून राहिल्या ना इतकी वर्षं? त्याला जे दिसतंय ते खोटं कुठं हाय?"

"आणि हिला चालेल?" मी बहिणीकडे बघितलं.

"जा की अक्का," बहीण म्हणाली. "बाळ जड झालंय. मला बसायचंय."

मी आत गेले. नव्या चटयांचा वाळल्या गवतासारखा वास होता. मागचं दार सरकवलं आणि अंगणाकडे तोंड करून बसून घेतलं. आनंद झाला असं म्हणणार नाही. नांदेडच्या घरात इतकी वर्षं कुठल्याही चांगल्या कामात सगळ्यांच्या मागून जायचं, आणि इथं सगळ्यांच्या पुढे. दोन्हीत माझं म्हणून काही नव्हतं. डोक्यावर केस नव्हते, एवढंच. हे त्या दिवशी असं नीट सुचलं असंही नाही. त्या दिवशी फक्त थकवा होता आणि थोडंसं हसू येत होतं.

परतीच्या गाडीत पुन्हा कुणीतरी जागा दिली. मी बाळाला मांडीवर घेऊन झोपले.

त्या घरात मी थंडी सरेपर्यंत होते. रस्त्यावरचे लोक ओळखायला लागले, वाकायला लागले. ती बाई बागेत एकदा दिसली, मूल हिंडत होतं. माझ्या हातानं ते बरं झालं असं मला कधी वाटलं नाही. पाण्यानं झालं असेल. बहीण म्हणाली, इथंच राहा. वडिलांचं कोण करेल म्हणून मी निघाले.

नांदेडला प्रायश्चित्त झालं. गोदावरीच्या थंड पाण्यात किती बुड्या मारल्या, काय काय म्हटलं, आठवत नाही. नंतर न्हावी आला, तेव्हा मी आतूनच वडिलांना म्हटलं, "त्याला परत पाठवा. पुन्हा बोलवू नका."

वडील खटल्याची मिसल वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "का?"

"मला कंटाळा आला."

त्यांना दुसरं काही कारण हवं होतं का, कोण जाणे. मला दुसरं सांगता आलं नसतं. बंड वगैरे करायची माझी ताकद नव्हती. त्यांनी बाहेर जाऊन न्हाव्याला काहीतरी सांगितलं आणि परत येऊन वाचायला लागले.

भाऊबंदांनी आमच्याकडचं जेवण सोडलं. काहींनी दोन वर्षांनी पुन्हा धरलं. केस वाढले म्हणून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, आणि मी वाटही बघितली नाही. युद्धाच्या आधी बहीण-मेहुणे पोरीला घेऊन परत आले. मेहुण्यांनी धर्माबादला आडत घातली. बहिणीला पुढची दोन मुलं नांदेडलाच झाली. दोन्ही वेळा रात्रंदिवस मीच होते. माझे केस तोवर खांद्यापर्यंत आले होते, निम्मे पांढरे. कामाच्या गडबडीत विंचरायला वेळ मिळत नसे.